नाशिकचें पाणी आणि त्याचें मोल

नाशिकांत पाणीपट्टी वाढविण्याची गोष्ट निघाली कीं एक आक्षेप हटकून ऐकूं येतो. गोदावरीच्या ऐन कांठावर वसलेल्या गांवानें पाणी विकत कां घ्यावें? आमच्या वाडवडिलांनीं पाण्यास कधीं पैसा मोजला नाहीं; त्यांनीं विहिरी खोदल्या, पाणपोया घातल्या आणि तहानलेल्यास पाणी पाजणें हें पुण्यकृत्य मानिलें, असें आक्षेपक म्हणतात. त्यांस उत्तर देणारे बहुधा दुसऱ्या टोंकास जातात. पाण्याचा हिशेब, त्याची राखण आणि त्यासाठीं लागणारा पैसा यांची कल्पनाच आमच्याकडे नव्हती, ती नळाबरोबर बाहेरून आली, असा त्यांचा समज असतो. जुने लेख आणि जुनी वहिवाट पाहिली असतां हीं दोन्हीं मतें टिकत नाहींत. नदींतलें पाणी फुकट होतें हें खरें. परंतु घरांतल्या रांजणांतलें पाणी नाशिकांत कोणत्याहि काळीं फुकट नव्हतें. त्याचें मोल कोणी दिलें, कोणत्या रूपानें दिलें, आणि मोल देणाऱ्यास पाण्यावर हक्क सांगतां आला कीं नाहीं, एवढ्या गोष्टी मात्र काळाप्रमाणें बदलत गेल्या. या शेवटच्या गोष्टीकडे अभ्यासकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जागेचा विचार केला पाहिजे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिकास येते तेव्हां ती अजून लहान व खडकाळ पात्राची असते. पावसाळ्यांत तिला मोठे पूर येतात; उलट धरणें होण्यापूर्वीं उन्हाळ्यांत तिची धार अगदीं बारीक होई. जुनें नाशिक नदीच्या उजव्या तीरावर टेकांवर वसलें. जुनी गढी, कोंकणी टेक, पठाणपुऱ्याचें टेक, डिंगर आळी, सोनार आळी, गणपतीचें टेक हीं नांवें अजून लोकांच्या तोंडीं आहेत. ‘नव शिखरें’ यावरून नाशिक हें नांव पडलें अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, गांवाचें वर्णन म्हणून ती बरोबर आहे. जुन्या गढीच्या मातीच्या टेकाडांत डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं इ. स. १९५०-५१ मध्यें उत्खनन केलें, तेव्हां येथील वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागें जाते असें दिसून आलें. म्हणजे हजारों वर्षें माणसें वर राहत आली आणि पाणी खालीं वाहत आलें. टेकावर विहीर पाडावयाची तर काळा पाषाण फोडीत पुष्कळ खोल जावें लागतें. नदीचें आणावयाचें तर प्रत्येक घागर चढणीनें वर न्यावी लागते. नाशिकच्या पाण्याचें खरें मोल या चढणींत आहे.

पाण्यासाठीं झालेल्या खर्चाचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाशिकच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच मैलांवर, त्रिरश्मि डोंगरांत आहे. या लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. त्यांपैकीं दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील ४१, ४२ व ४५ हे वर्षांक कोणत्या गणनेचे याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले, याविषयीं फारसा वाद नाहीं. उषवदात आपल्या दानांची यादी देतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधिल्या, आणि बागा, तलाव व विहिरी केल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेविल्या, आणि त्यांच्या दोन्हीं तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, घातल्या. यांतील गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस गंगापुराजवळ असलेलें आजचें गोवर्धन गांव होय. लेणें कोरविल्याचें सांगतांना तो त्याच वाक्यांत ‘पोढी’ कोरविल्याचें सांगतो. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. भिक्षूंस राहण्यास जागा दिली आणि पाणी दिलें नाहीं तर तें दान अपुरें, ही जाणीव या एका शब्दांत आहे. कान्हेरीच्या लेण्यांत तर अशा टांक्यांचींच स्वतंत्र दानें आहेत. त्यांतलें एक कल्याणच्या एका सोनारानें दिलेलें आहे. म्हणजे पाणी देणें हें राजकुळाचेंच काम होतें असें नव्हे, पेठेंतल्या कारागिरासहि तें परवडत होतें आणि करावेंसें वाटत होतें.

येथपर्यंत आक्षेपकांचें म्हणणें खरें वाटतें: दाता देतो, पिणारा फुकट पितो. परंतु त्याच लेण्यांतला दुसरा लेख वाचला म्हणजे हें फुकटपण कशावर उभें होतें तें कळतें. उषवदातानें भिक्षुसंघास ३००० कार्षापण दिले, पण ते भिक्षूंच्या हातीं दिले नाहींत. ते गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींत ठेवले. २००० एका श्रेणींत शेंकडा एक व्याजानें आणि १००० दुसरींत शेंकडा पाऊण व्याजानें. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं, व्याजावर भागवावयाचें, अशी अट आहे. व्याज दरमहाचें धरलें तर २००० वर वर्षाचे २४० होतात, आणि लेखांत वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं सांगितले आहेत; हिशेब नेमका जुळतो. ही रक्कम पाण्यासाठीं नव्हती हें उघड आहे. ती येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, एकदां दिलेलें दान पुढें वर्षानुवर्षें चालावें तर त्यास दरसाल खर्च लागतो, आणि तो खर्च कोठून यावयाचा याची तजवीज दात्यानेंच करून ठेविली पाहिजे, ही समज गोवर्धनच्या लोकांस पक्की होती. टांक्यांत गाळ सांचतो, विहिरीची कड ढासळते, पाणपोईवर रोज कोणीतरी भरावयास लागतो. जो माणूस रोज भरतो त्याचें पोट पुण्यावर भरत नाहीं.

याहून महत्त्वाचा पुरावा त्याच लेण्यांतल्या आणखी एका लेखांत आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीं, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत, विष्णुदत्ता नांवाच्या एका उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं गोवर्धनच्या निरनिराळ्या श्रेणींत ठेवी ठेविल्या. बहुधा कुंभारांची असावी अशा श्रेणींत १००० कार्षापण ठेविले, आणि ‘ओदयंत्रिक’ श्रेणींत २०००. तेल्यांची श्रेणीहि पुढें येते. ओदयंत्रिक म्हणजे उदकयंत्रें करणारे किंवा चालविणारे. हीं यंत्रें पाणी उपसण्याचीं कीं घटकापात्रासारखीं वेळ मोजण्याचीं, याविषयीं एकमत नाहीं. आम्हांस पहिला अर्थ अधिक संभवनीय वाटतो. कारण केवळ घटिकायंत्रें करणाऱ्यांची संख्या इतकी मोठी असावी कीं त्यांची श्रेणी बनावी आणि तिच्याकडे कुंभारांच्या दुप्पट ठेव ठेवण्याइतकी तिची पत असावी, हें पटण्यासारखें नाहीं. हा अर्थ स्वीकारला तर निष्कर्ष मोठा निघतो. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं आजच्या नाशिकच्या परिसरांत पाणी चढविणें हा एक स्वतंत्र, संघटित आणि पैसे मिळविणारा धंदा होता. या श्रेणीस मजुरी देणारीं गिऱ्हाइकें होतीं म्हणूनच तिच्यापाशीं व्याज देण्याची ऐपत होती. बागाईत, मळे, धनिकांचीं घरें यांपैकीं कोण किती देई हें लेखांत नसलें तरी कोणीतरी देत होतें, एवढें त्यावरून निश्चित होतें.

याच सुमारास रोमसारख्या दूरच्या नगरांत काय चाललें होतें तें पाहिल्यास तुलना होते. इ. स. ९७ मध्यें फ्रोंटिनस हा रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी नेमला गेला आणि त्यानें त्या विषयावर एक ग्रंथ लिहून ठेविला. रस्त्यावरच्या हौदाचें पाणी सर्वांस मोकळें असे. घरांत नळ घ्यावयाचा तर बादशहाची परवानगी लागे, आणि नळीच्या व्यासावरून हक्काचें माप ठरे. पाणक्यांनीं चोरून नळास भोकें पाडल्याची व पाणी परभारें विकल्याची तक्रार त्यानें केली आहे. तेथें राज्यानें पाणी गांवांत आणलें, येथें दात्यानें. तेथें मोल सरकारांत जाई, येथें श्रेणीस. परंतु हौदावरचें मोकळें आणि घरांतलें मोजलेलें, हा भेद दोन्हींकडे सारखाच दिसतो.

यानंतरच्या कित्येक शतकांविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी चालेल. यादवांच्या काळीं सिन्नरच्या बाजूस व इतरत्र दगडी पायऱ्यांच्या बारवा झाल्या. मोगलांच्या अमलांत नाशिकचें नांव गुलशनाबाद पडलें. त्याच अमलांत, इ. स. १६९६ मध्यें, सातारा प्रांतांतल्या एका जमीनदारानें रामकुंड बांधिलें आणि पुढें पेशव्यांच्या घराण्यांतील गोपिकाबाईंनीं त्याची दुरुस्ती केली. अहल्याबाई होळकरांच्या नांवाचेंहि कुंड व बांधकाम येथें झालें. हीं कुंडें तीर्थस्नानाचीं. एकाच पात्रांत वरच्या बाजूस स्नान, खालच्या बाजूस धुणें, मध्येंच अस्थिविसर्जन, आणि याच पात्रांतून पिण्याचें पाणी, अशी नाशिकची अडचण होती व ती तीर्थक्षेत्र म्हणूनच उत्पन्न झाली. येथें एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. नानासाहेब पेशव्यांच्या मागें गोपिकाबाई राहिल्या त्या गंगापुरास. राघोबादादांचा वाडा झाला तो चौंधस येथें, ज्यास पुढें आनंदवल्ली नांव पडलें. हीं दोन्हीं स्थळें नदीच्या वरच्या अंगास, गांवाचें पाणी मिसळण्यापूर्वींचीं आहेत. त्यांच्या निवडीस राजकीय कारणें होतीं हें मान्य. पण स्वच्छ पाण्याजवळ जाऊन राहण्याची सोय ज्यास आहे त्यास पाणी आपल्याकडे आणावें लागत नाहीं, हेंहि एक प्रकारचें मोलच आहे. तें जमिनींत व वाड्यांत मोजलेलें असतें, इतकेंच.

इतर शहरांनीं दुसरा मार्ग धरला होता. अहमदनगरास निजामशाहींत खापरी नळांनीं पाणी खेळविलें. औरंगाबादेस, तेव्हांच्या खडकींत, मलिक अंबरानें नहर आणली. पुण्यास नानासाहेबांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून नळ आणून हौद भरले. तेथें राज्यकर्त्याची राजधानी होती आणि नदीचा आधार अपुरा होता. नाशिकास मात्र गंगा पायाशींच वाहत असल्यामुळें मुख्य भार शेवटपर्यंत नदीवर आणि ती वर वाहून नेणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर राहिला.

तेव्हां या माणसांकडे वळणें प्राप्त आहे. पाणी भरण्याचें काम मुख्यतः घरच्या बायकांचें. पहांटे घाट उतरून जावें, घासलेली घागर भरावी, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन पायऱ्या चढाव्या, हा क्रम सोंवळ्या घरांत ओलेत्यानें चाले. ज्या जुन्या दप्तरांत घोड्यांच्या दाण्याचा हिशेब चोख सांपडतो, त्या दप्तरांत या श्रमाचा आंकडा नाहीं. पूर्वीं पाण्यास पैसा पडत नव्हता असें म्हणणारे या बेहिशेबी खर्चालाच फुकट म्हणत असतात.

ज्या घरीं ऐपत असे तेथें पाणक्या ठेवीत. त्याचा मुशाहिरा थोडा रोख, थोडा जेवणखाण व वस्त्राच्या रूपानें असे. गोदाकांठच्या घरांत पाणक्याचें स्थान काय होतें हें पाहावयास पैठणच्या एकनाथमहाराजांची आख्यायिका उपयोगी पडते. साक्षात् श्रीकृष्णानें श्रीखंड्याच्या रूपानें नाथांच्या घरीं बारा वर्षें कावडीनें पाणी भरलें, अशी ती कथा आहे. तो रांजण पैठणास अजून दाखवितात आणि नाथषष्ठीच्या आधीं भाविक तो भरतात. कथेची ऐतिहासिकता हा येथें प्रश्न नाहीं. सोळाव्या शतकांतल्या गृहस्थाच्या घरीं नदीवरून कावडीनें पाणी आणणारा गडी असणें हें कथाकारास इतकें स्वाभाविक वाटलें कीं देवास घरांत आणण्यासाठीं त्यानें तीच जागा निवडिली. देवानें वेतन घेतलें नाहीं हाच त्यांतला चमत्कार. माणसानें घेतलेंच असतें.

खेड्यांत हें काम वतनाचें होतें. बारा बलुतेदारांच्या कित्येक याद्यांत कोळी येतो. गांवीं उतरलेला सरकारी कामगार, वाटसरू आणि लग्नकार्य यांस पाणी पुरविणें हें त्याचें काम. नाशिक जिल्ह्याच्या इ. स. १८८३ च्या गॅझेटियरांत पाणभरी कोळ्यांचें वर्णन आहे. यांस मल्हारी कोळी म्हणत, आणि डोक्यावरच्या चुंबळीवरून त्यांस आणखी एक नांव पडलें होतें. त्यांचें मोल कोठें रोख, कोठें धान्य, कोठें भाकरी, अशा रूपानें पोंचे. बलुतें सुगीस एकदां मिळे आणि पाणी बाराहि महिने भरावें लागे. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर ही वार्षिक पट्टीच होय. फरक इतकाच कीं ती कोणी किती पाणी वापरलें यावर नसून कोणाचें शेत किती पिकलें यावर ठरे. हें तत्त्व पुढें नगरपालिकांच्या घरपट्टींत निराळ्या वेषानें पुनः भेटतें. शहरांत याखेरीज पखाली असत. बैलाच्या किंवा हल्याच्या पाठीवर चामड्याची पखाल घालून बांधकामास, रस्त्यावर शिंपडण्यास व चामड्याचें पाणी ज्यांस चालत असे त्यांच्या घरीं ते पाणी पोंचवीत. सोंवळ्या घरास पखालीचें पाणी चालत नसे. म्हणून त्याच पाण्यासाठीं त्यास अधिक महाग असा कावडीचा मार्ग पत्करावा लागे.

नाशिक क्षेत्र असल्यामुळें येथें आणखी एक प्रकार होता. यात्रेकरू तीर्थोपाध्यायाच्या घरीं उतरे. त्याच्या स्नानास, स्वयंपाकास, पिण्यास लागणारें पाणी उपाध्यायाच्या घरचीं माणसें भरीत. त्याचा दर कोणी ठरवीत नसे. तें मोल दक्षिणेंत मिसळून जाई. सिंहस्थांत, बारा वर्षांनीं एकदां, हा खर्च किती वाढत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

शेतीच्या पाण्याचा विस्तार येथें करीत नाहीं. पण बागलाणांतील मोसम, आरम व गिरणा या नद्यांवरच्या फड पद्धतीचा एक विशेष सांगितला पाहिजे. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालीं सर्वांचीं शेतें, अशी ती रचना. पाट साफ करण्यास दरसाल सर्वांनीं अंग मोडावें, आणि पाटकरी, जागल्या यांस धान्य द्यावें. ज्यानें हा वांटा उचलला त्यास पाण्याची पाळी मिळे. म्हणजे येथें मोल आणि हक्क यांची गांठ होती: जो देतो तो मागूं शकतो.

घरगुती पाण्यांत ही गांठ नव्हती, आणि या विषयाचें मर्म येथेंच आहे असें आमचें मत आहे. धर्मार्थ बांधलेली विहीर दात्याच्या व रूढीच्या मर्जीनें चाले. तिच्यावर कोणी भरावें व कोणी भरूं नये हें जातीवरून ठरे. अस्पृश्य मानलेल्या बायकांस विहिरीपासून दूर बसून कोणी दयेनें ओतील तेवढें पाणी घ्यावें लागे, नाहींतर ओढ्यांतल्या झिऱ्यावर जावें लागे. गांवाचीं सर्व कष्टाचीं कामें त्यांनीं केलीं, पाण्याचें मोल त्यांनीं ताटकळण्यांत व अपमानांत दिलें, आणि तरीहि त्या मोलानें त्यांस हक्क मिळाला नाहीं. दान कितीहि थोर असलें तरी घेणाऱ्यास तें मागतां येत नाहीं, हा दानाचा दोष नव्हे, स्वभाव आहे. जोतीराव फुले यांनीं पुण्यास इ. स. १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तो याच कारणानें क्रांतिकारक ठरला. पण तोहि एका घरमालकाचाच हौद होता.

ही स्थिति पालटण्यास जो कायदेशीर आधार मिळाला तो करांतून मिळाला. नाशिकास म्युनिसिपालिटी इ. स. १८६४ मध्यें स्थापन झाली. मुंबई इलाख्याच्या इ. स. १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें अशा संस्थांस पाणीपट्टी बसविण्याचा अधिकार दिला. सर्वसाधारण पाणीपट्टी व विशेष पाणीपट्टी असे तिचे दोन प्रकार सांगितले, आणि ती घरांच्या व जमिनींच्या आकारणीवर अथवा अन्य रीतीनें बसवावी अशी मुभा ठेविली. विहीर, हौद, तळें, नळ यांचा खर्च दात्याच्या पुण्यखात्यांतून निघून सार्वजनिक तिजोरीकडे गेला. हा बदल त्या वेळीं कोणास फारसा मोठा वाटला नसेल. तो किती मोठा होता हें ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं दिसलें. त्या दिवशीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर झाला, आणि त्यांत जीं पाणवठ्याचीं ठिकाणें सार्वजनिक पैशानें बांधलेलीं व राखलेलीं आहेत, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यांत आहेत, तीं अस्पृश्यांस मोकळीं असावीं असें म्हटलें होतें. ठरावाचा सारा भर सार्वजनिक पैशावर आहे. खाजगी विहिरीस त्याचा स्पर्श नाहीं. महाडच्या म्युनिसिपालिटीनें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला, परंतु तो कागदावरच राहिला, म्हणून ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं त्या तळ्याचें पाणी घेण्यांत आलें. पुढें दावा झाला, आणि तळें म्युनिसिपालिटीच्या मालकीचें असल्याचा मुद्दा व प्रतिपक्षाच्या रूढीचा अपुरा पुरावा यांचा विचार होऊन मार्च १९३७ मध्यें मुंबई हायकोर्टांत निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. नाशिकास ता. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. रामकुंडापासून तें देऊळ हांकेच्या अंतरावर आहे. तेथें कित्येक वर्षें झगडूनहि दार उघडलें नाहीं आणि इ. स. १९३५ मध्यें, याच जिल्ह्यांतल्या येवल्यास, डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. तळ्याचा दावा जिंकतां आला व देवळाचा लढा त्या काळीं जिंकतां आला नाहीं, यास अनेक कारणें आहेत. परंतु तळें सार्वजनिक पैशाचें होतें व देऊळ विश्वस्तांचें होतें, हें त्यांतलें एक खचित आहे.

म्हणून पाणीपट्टी ही केवळ सरकारची उकळणी असें म्हणणाऱ्यांस आम्हांस सांगावेंसें वाटतें कीं, या करानेंच प्रथम पाण्यावर नागरिकाचा दावा उभा केला. अर्थात् पट्टी कशी बसवावी हा वाद निराळा आहे व तो अजून मिटलेला नाहीं. घराच्या आकारणीवर बसविली तर मोठ्या वाड्यांतली एकटी विधवा अधिक देते आणि लहान घरांतलें मोठें कुटुंब कमी. मीटरावर बसविली तर उलट होतें आणि ज्या घरीं माणसें जास्त त्यास तहानेचाच दंड होतो. सुगीच्या बलुत्यांत पहिलें तत्त्व होतें, पखालीच्या मजुरींत दुसरें. दोन्हीं जुनींच आहेत.

नदी अडविण्याचीं आधुनिक कामें झालीं तीं प्रथम नाशिककरांच्या घागरीसाठीं झालीं नाहींत. दारणेचें धरण इ. स. १९१६ मध्यें पुरें झालें तें नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांसाठीं, म्हणजे निफाड-कोपरगांवकडच्या शेतीसाठीं. गंगापूरचें मातीचें धरण इ. स. १९६५ मध्यें पूर्ण झालें आणि पुढें तेंच शहराचा मुख्य आधार बनलें. इ. स. १९८२ मध्यें नाशिकरोड, सातपूर आदि भाग मिळवून महानगरपालिका झाली, इ. स. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या १४ लक्ष ८६ हजारांवर गेली. गंगापुराच्या जोडीस दारणेचें व नंतर मुकण्याचें पाणी घ्यावें लागलें. गोपिकाबाई ज्या गंगापुरास राहिल्या त्याच गांवाच्या नांवाचें पाणी आज टेकावरच्या घरांत नळानें चढतें. या पाण्याची मालकी शहराची नाहीं. इ. स. २००५ च्या कायद्यानें स्थापन झालेलें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवितें आणि महानगरपालिका त्या दरानें जलसंपदा खात्याकडून पाणी घेते. वरच्या धरणांतलें किती पाणी खालीं पैठणच्या जायकवाडीस सोडावें याविषयीं प्राधिकरणानें सप्टेंबर १९१४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, सप्टेंबर २०१४ मध्यें निर्णय दिला, आणि मुंबई हायकोर्टानें सप्टेंबर २०१६ मध्यें त्या वादाचा निकाल केला. एकाच नदीच्या दोन गांवांनीं पाण्यासाठीं कोर्टांत उभें राहावें, हें श्रीखंड्याच्या कथाकारास सुचलेंहि नसतें.

ज्यांच्या दारापर्यंत पट्टी पोंचली नाहीं त्यांची गोष्ट मात्र जुनीच राहिली आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा व इगतपुरी या तालुक्यांत पाऊस विपुल पडतो, आणि तरीहि तेथील कित्येक आदिवासी पाड्यांस दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोंगर उतारावरचें पाणी थांबत नाहीं, आणि तें थांबविण्यास किंवा चढविण्यास लागणारा खर्च पाड्याच्या आंवाक्याबाहेरचा असतो. तेथें मोल आजहि बायकांच्या डोक्यावरच आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल घळीवर आडवें टाकलेलें लांकूड ओलांडून डोक्यावर हांडे आणीत असत. त्याचा बोभाटा झाल्यावर इ. स. २०२२ च्या जानेवारींत तेथें लोखंडी साकव बसविण्यांत आला. त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत तो वाहून गेला.